खाडाखोड

परवा दुपारी बॉलपेनची रिफिल आणायला कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो असता, पेन चालवून पाहण्यासाठी काउंटरवर ठेवलेल्या कागदापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. दहा-बारा गिऱ्हाइकांनी त्यावर हात मोकळा केला होता. कोणी ‘श्री’ काढला होता, कोणी दोनदा सही केली होती आणि बहुतेकांनी, शाई उतरेना की आपण सगळेच काढतो तशी, गरगर वेटोळी काढली होती. निळ्या वेटोळ्यांवरून कोणाचे तरी हिरवे जेलपेन तिरके फिरले होते आणि दोन्ही रंग जिथे एकमेकांवर चढले होते तिथे एक गडद, शेवाळी आकार तयार झाला होता. असा आकार मला अख्खा रविवार खर्ची घालूनही साधलेला नाही.

मी चित्रे काढतो, हे सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते. कोणाकडे शिकलो नाही. अमूर्त काढतो याचे खरे कारण एवढेच, की घोडा काढायला गेलो तर तो घोडा होत नाही. तत्त्वज्ञान वगैरे मागाहून सुचले.

शाळेत वहीच्या टापटिपीला ५ गुण असत आणि चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारावी, असा दंडक होता. मला ते कधी जमले नाही. त्या रेघेखालून चुकलेला शब्द डोकावत राही, म्हणून मी त्याभोवती चौकट आखून ती भरून टाकत असे. मग त्या काळ्या ठोकळ्याला शीड फुटे, खालच्या ओळीतला दुसरा ठोकळा त्याचे बंदर होई आणि निबंध दिवाळीवर असला तरी पान समुद्राचे होऊन बसे. गुरुजी खाली लाल शाईने ‘गचाळ’ एवढाच शेरा देत.

पुढे कधीतरी रवींद्रनाथांच्या ‘पूरबी’ या कवितासंग्रहाच्या हस्तलिखिताची छायाचित्रे पाहिली, तेव्हा त्या शेऱ्याचा डंख जरासा उतरला. १९२४ साली पेरूला निघालेले रवींद्रनाथ वाटेत आजारी पडले आणि अर्जेंटिनात लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात राहिले. तिथे कविता लिहिताना खोडलेला शब्द ते तसाच सोडून देत नसत. एका खाडाखोडीपासून दुसरीपर्यंत रेघ नेत, तिला वळण देत, आणि ओळींच्या मधूनच एखादी चोच किंवा नख्या बाहेर येत. वय ६३. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही आणि घरात अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ यांच्यासारखे चित्रकार पुतणे! मी असतो तर पेन खाली ठेवले असते. त्यांनी मात्र रंगीत शाई, चिंध्या, बोटे, हाताला येईल ते वापरून २,००० हून अधिक चित्रे केली आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले, तेही ओकाम्पोबाईंच्याच खटपटीने. त्यांची सारीच चित्रे काही अमूर्त नाहीत, चेहरे तर पुष्कळ आहेत; पण पाहताना वाटते, की रेघ आधी निघाली असावी आणि चालता चालता चेहऱ्यापाशी येऊन थांबली असावी. शब्दांवर आयुष्य काढलेल्या या माणसाने बहुतेक चित्रांना नावे दिली नाहीत, याचे मला फार अप्रूप वाटते.

“काका, कागद भरलाय, दुसरा देऊ का?” दुकानदाराने विचारले. मी तोच मागून घेतला. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि रिफिलबरोबर तो पिशवीत घातला.

घरी येऊन तो शेवाळी आकार चित्रात कुठे बसेल, हे पाहण्यासाठी कागद खिडकीच्या काचेला लावला. उजेड आरपार आला तशी वेटोळ्यांखालची अक्षरे दिसू लागली. कोणीतरी एकच नाव तीनदा लिहिले होते आणि मग ते इतके दाबून खोडले होते, की कागद एका जागी फाटला होता. पहिले अक्षर ‘सु’ असावे. पुढची वाचता आली असती, पण मी कागद काढून घेतला.

त्या दिवशी चित्राला हात लावला नाही.