हार्ड डिस्क उपाशी होती

बाबांनी २००२ मध्ये हँडीकॅम घेतला आणि पुढची सात वर्षं आमच्या घरातला एकही सण त्यातून सुटला नाही. ताईचं लग्न, अंबाझरीच्या बागेतली सहल, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढणारी भाचरं. नागपूरच्या महालातल्या घराच्या गच्चीवरून घेतलेली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक तर दरवर्षी. एकतीस मिनी-डीव्ही टेपा, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट झाल्या. आईने त्या लोखंडी कपाटात जुन्या साडीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या होत्या. बाबा २०१७ मध्ये गेले. त्या टेपांमध्ये बाबा कुठेच दिसत नाहीत, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा. त्यांचा आवाज मात्र आहे. "अगं, जरा सरक ना, डोकं येऊन राहिलं मधात."

गेल्या हिवाळ्यात मी त्या सगळ्या टेपा संगणकावर उतरवल्या. त्यासाठी फायरवायरचा, म्हणजे असे कॅमेरे जोडायचा जुना पोर्ट असलेला भावाचा जुना लॅपटॉप आणि तोच जुना हँडीकॅम लागला. डीव्हीची एका तासाची टेप साधारण १३ जीबी जागा घेते, म्हणजे एकतीस टेपांचे ४०० जीबी झाले. एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली, सगळं तिच्यावर टाकलं आणि एका रविवारी मनीषनगरहून महालात गेले. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला फोनचा पडदा नकोसा होतो. म्हणून टीव्हीला अँड्रॉइड बॉक्स, म्हणजे टीव्हीवर ॲप आणि व्हिडिओ चालवणारी छोटी पेटी, आधीच लावलेला होता. डिस्क त्याच्या यूएसबीत खोचली की झालं, असं माझ्या डोक्यात होतं.

डिस्कचा निळा दिवा लागला. आतून घरघर सुरू झाली, दोन सेकंदांत थांबली, मग टक्. पुन्हा घरघर, पुन्हा टक्. टीव्हीवर काहीच नाही. आई सोफ्याच्या काठावर बसून वाट पाहत होती. "काऊन गं, चालू नाही होऊन राहिलं?"

दुसऱ्या दिवशी एका दुकानात दाखवली. त्यांनी त्यांच्याकडच्या टीव्ही बॉक्सला लावली, टक् टक् ऐकलं आणि सांगितलं, हेड (डिस्कच्या आतला वाचणारा भाग) गेलं, डेटा काढायचे वेगळे पैसे पडतील. माझ्या पोटात गोळा आला. घरी येऊन लॅपटॉपला लावली तर पहिल्या झटक्यात उघडली. एकतीस फोल्डर जिथल्या तिथे.

डिस्कला फक्त वीज पुरत नव्हती. पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी फिरणारी तबकडी असते आणि स्थिर तबकडीला गती देताना मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. माझ्या डिस्कच्या लेबलवर ५ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं आहे. लॅपटॉपचे पोर्ट बरेचदा नियमापेक्षा थोडं जास्त देऊन वेळ निभावतात. आईच्या बॉक्सचा अडॅप्टर मात्र सगळा मिळून २ अँपिअरचा, आणि त्यातच बॉक्सने स्वतः चालायचं, वायफाय चालवायचं, वरून डिस्कही फिरवायची. तबकडी फिरायला लागते, वीज कमी पडते, हेड परत जागेवर जातं. तो टक् आवाज याचा होता. पेन ड्राइव्ह त्याच पोर्टवर बिनतक्रार चालतो, कारण त्यात फिरणारं काही नसतंच. म्हणून "पेन ड्राइव्ह चालते, मग डिस्कच खराब" हे अनुमान चुकीचं आहे. खरोखर बिघडलेली डिस्कसुद्धा असाच आवाज करते, हे खरं. त्यामुळे आधी पुरेशी वीज देऊन पाहायची. तरीही टकटक थांबली नाही तर मात्र लगेच बंद करायची, परत परत लावून पाहायची नाही.

बर्डीच्या बाजारात जाऊन स्वतंत्र अडॅप्टरचा यूएसबी हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा जोड, आणला. दुकानात हब मागितला की चार तोंडांचा साधा हब पुढे करतात. तो बॉक्सचीच वीज चार जणांत वाटतो, त्याचा इथे उपयोग नाही. हबच्या बाजूला अडॅप्टरची पिन जायला गोल भोक आहे का आणि सोबत ५ व्होल्टचा, निदान २ अँपिअरचा अडॅप्टर मिळतोय का, एवढं पाहून घ्या. टेबलावर ठेवायची मोठी साडेतीन इंची डिस्क असेल तर ही भानगडच नाही. तिला १२ व्होल्ट लागतात, म्हणून तिचा अडॅप्टर तिच्यासोबतच येतो.

हब लावला आणि डिस्क सलग फिरायला लागली. बॉक्सने यादी दाखवली. आईला मी टेप क्रमांक ४ लावून दिली, मारबतीची.

त्यानंतर दोनच दिवसांनी आईचा दुपारी फोन आला. "अगं, हा टीव्ही विचारून राहिला, डिस्क तयार करू का म्हणून. ओके दाबू?"

मी ऑफिसात होते. जिन्यात जाऊन ओरडलेच, "आई, थांब! रिमोट खाली ठेव. काहीच दाबू नको."

हा प्रश्न अँड्रॉइड टीव्ही सहज विचारतो आणि त्यातली भाषा इतकी साळसूद असते की कुणीही हो म्हणेल. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, बाहेरची डिस्क बॉक्सच्या आतल्या मेमरीला जोडून घेण्याची सोय आहे. 'डिव्हाइस स्टोरेज' म्हणतात ते हेच. ते निवडलं की डिस्क पूर्ण पुसली जाते, नव्याने फॉरमॅट होते आणि एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. तिची किल्ली त्या एकाच बॉक्समध्ये राहते. पुढे ती डिस्क लॅपटॉपला लावली तर काही दिसत नाही, आणि बॉक्स रीसेट झाला तर किल्लीही जाते. ॲप ठेवायला जागा कमी पडत असेल तर नव्या कोऱ्या पेन ड्राइव्हवर ही सोय चांगली आहे. ज्या डिस्कवर घरचं काही आहे तिला कधीही नाही. बॉक्सला लावायची असेल तर 'रिमूव्हेबल' हा पर्याय किंवा सरळ बॅकचं बटण. आईच्या रिमोटवरच्या बॅकच्या बटणावर मी तिच्या टिकल्यांच्या पाकिटातली लाल टिकली लावून दिली आहे. काही विचारलं की टिकली दाबायची.

फोनची गोष्ट वेगळीच निघाली. माझ्या फोनला ओटीजीने (फोनला यूएसबीच्या वस्तू जोडायची सोय), हबमधून पुरेशी वीज देऊन डिस्क लावली, तर 'ही डिस्क चालत नाही, फॉरमॅट करा' म्हणाला. डिस्कवर फाइली मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात आणि माझी डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत होती. बरेच टीव्ही बॉक्स एनटीएफएस वाचतात, कारण ते बनवणारे तशी सोय आत घालतात. बहुतेक फोन वाचत नाहीत. फॅट३२ सगळे वाचतात, पण त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी मावत नाही, आणि माझी एकेक फाइल १३ जीबीची. उरलं एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ते २००६ मध्ये आणलं. बरीच वर्षं ते वापरायला कंपन्यांना परवाना घ्यावा लागायचा. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा तपशील खुला केला, पुढच्या वर्षी लिनक्समध्ये सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला, आणि अँड्रॉइड लिनक्सवरच उभं असल्यामुळे नव्या फोनांत एक्सफॅट सर्रास चालू लागलं. काही फोनांत आधी सेटिंगमध्ये ओटीजी चालू करावं लागतं आणि दहा मिनिटं काही लावलं नाही तर ते आपोआप बंद होतं. केबलला दोष देण्याआधी तिथे पाहा.

एक्सफॅटची एक कमजोरी मला खटकते. त्यात नोंदवही नसते. एनटीएफएस फाइलींच्या मांडणीतल्या बदलांची आधी नोंद करतं, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तरी बरेचदा सावरतं. महालात उन्हाळ्यात लाइन कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून मी दोन डिस्क केल्या. मूळ डिस्क एनटीएफएसच ठेवली, ती माझ्या घरी कपाटात असते आणि कुठल्याही टीव्हीला लागत नाही. आईकडे जाते ती एक्सफॅटमधली दुसरी प्रत. तिच्यावर टीव्हीवरून काही लिहायचं नाही, आणि काढताना सेटिंगमध्ये जाऊन 'इजेक्ट' करूनच काढायची.

आता चित्राबद्दल, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. हँडीकॅमचं चित्र ७२० बाय ५७६ चं, सेकंदाला २५ फ्रेमचं. पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत नोंदवलेली असते. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. जुना डब्बा टीव्ही ती तशीच एकामागून एक रंगवायचा. आजच्या टीव्हीवर बरेचदा दोन्ही अर्धी एकत्र दिसतात आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. मारबतीच्या गर्दीत तर सगळेच हलत होते. शिवाय बॉक्सच्या चिपला डीव्ही हा जुना प्रकार थेट उलगडता येत नाही. व्हीएलसी हे व्हिडिओचं ॲप ते काम करतं, पण आईच्या स्वस्त बॉक्सवर मध्येच अडखळत होतं. शेवटी हँडब्रेक या मोफत प्रोग्रामने सगळ्या टेपा एच.२६४ या आज सगळीकडे चालणाऱ्या व्हिडिओ प्रकारात बदलल्या आणि डीइंटरलेसमध्ये, म्हणजे अर्ध्या चित्रांचं काय करायचं या सेटिंगमध्ये, 'बॉब' हा पर्याय निवडला. त्याने ५० अर्ध्या चित्रांची ५० पूर्ण चित्रं होतात, हालचाल लोण्यासारखी दिसते. १३ जीबीचा तास सव्वादोन जीबीवर आला. मूळ फाइली अर्थातच पुसल्या नाहीत, कधीच पुसणार नाही.

हे झाल्यावर आईचा रिमोट अडकायला लागला. दोनदा दाबलं की एकदा चालायचा. सेल बदलले, फरक नाही. कारण निघालं यूएसबी ३. त्याच्या वायरी आणि जोड २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि ब्लूटूथ रिमोट नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लिहून ठेवलंय. डिस्क आणि हब बॉक्सपासून हातभर लांब, खालच्या फळीवर सरकवले आणि हबची वायर बॉक्सच्या यूएसबी २ पोर्टात घातली. ४८० मेगाबिटचा तो पोर्ट पाच मेगाबिटच्या व्हिडिओला भरपूर झाला. रिमोट सुधारला.

मग एप्रिल आला. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि आईची वरची खोली दुपारी भट्टी असते. पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. कूलर लावला की गारवा येतो, पण दमटपणाही येतो, आणि कूलरच्या थेट वाऱ्यात डिस्क ठेवायला माझं मन धजत नाही. बदललेल्या एकतीस फाइली मिळून ७० जीबी होतात. म्हणून उन्हाळ्यापुरती डिस्क आणि हब दोन्ही घरी नेले आणि १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह बॉक्सला लावून दिला. पेन ड्राइव्ह हा जपून ठेवायचा प्रकार नाही. पण प्रती दोन डिस्कवर आहेत, हा फक्त पाहण्यापुरता आहे.

फाइलींची नावं मी टेप०१, टेप०२ अशी ठेवली होती. आईने सगळ्या बदलायला लावल्या. आता 'ताईचं लग्न, हळद', 'अंबाझरी, पाऊस आला', 'पिवळी मारबत, बाबा ओरडले' अशी नावं आहेत. शेवटचं नाव तिनेच सांगितलं. त्यात मिरवणूक गल्लीत शिरते, लोक "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत असतात आणि कॅमेऱ्यामागून बाबाही मोठ्याने तेच म्हणतात, इतकं मोठ्याने की चित्र हलतं. आईला तेवढंच हवं असतं. तिने मला त्या जागेची वेळ विचारून कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहे, २२ मिनिटं ४०. येत्या गुरुवारी वर्धेहून मावशी येतेय. "तुम्ही दोघी या," आई म्हणाली, "लाइन असली तर दोनदा पाहू."