सायलेंट हंटर ४ : दोन मॉडांमधून एक निवडताना

'सायलेंट हंटर ४' हा २००७ साली आलेला, दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरात जपानविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकन पाणबुडीचा संगणकीय खेळ मी मूळ स्वरूपात जवळजवळ सहा महिने खेळलो आणि नंतर मला त्याचा कंटाळा येऊ लागला, त्याचे कारण म्हणजे त्यात मला फारच सहज यश मिळत होते. एक-दोन टॉर्पेडो लागले की व्यापारी जहाज काही मिनिटांत तळाला जायचे, आणि संरक्षणासाठी आलेल्या विनाशिका थोडा वेळ घिरट्या घालून निघून जायच्या. काही वर्षांपूर्वी आम्ही विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली 'कुरसुरा' ही पाणबुडी पाहिली होती. त्या अरुंद बोळातून अंग चोरून चालताना जो दबाव जाणवला होता, त्याचा लवलेशही इंदुरात रामबागेतल्या माझ्या खोलीत बसून खेळताना जाणवत नव्हता. म्हणून खेळ अधिक वास्तव करणारे मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करणारी चाहत्यांनी बनवलेली भर, घालायचे ठरवले.

चौकशीअंती दोन नावे उरली : 'ट्रिगर मारू ओव्हरहॉल्ड' आणि 'रिअल फ्लीट बोट'. 'फॉल ऑफ द रायझिंग सन अल्टिमेट' हे तिसरे मॉड पुढच्या काळातले आणि पुष्कळ मोठे आहे, परंतु माझ्या जुन्या संगणकाची कुवत पाहता मी ते बाजूला ठेवले. उरलेली दोन्ही खेळाच्या १.५ या आवृत्तीवर, म्हणजे 'यू-बोट मिशन्स' ही पुरवणी घातलेल्या खेळावर चालतात. दोन्ही त्याच त्या फायली बदलत असल्याने ती एकत्र घालता येत नाहीत, त्यामुळे निवड करणे भागच होते.

तुलना नीट व्हावी म्हणून मी खेळाच्या दोन स्वतंत्र प्रती केल्या, त्याही 'प्रोग्राम फाइल्स'च्या बाहेर, कारण तिथे विंडोज फायली बदलू देताना अडवणूक करते. मॉड घालण्यासाठी जेएसजीएमई हे छोटे साधन वापरले. ते मूळ फाइल जपून ठेवते आणि मॉड काढले की परत जागेवर आणते. एवढी काळजी घेऊनही मी एका ठिकाणी फसलो. खेळाच्या प्रती कितीही केल्या तरी जतन केलेल्या मोहिमा 'डॉक्युमेंट्स'मधल्या एकाच फोल्डरमध्ये जातात, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. एका मॉडमध्ये जतन केलेली गस्त दुसऱ्यात उघडली गेली आणि खेळ बंद पडला, आणि तीन रात्रींची मेहनत वाया गेली. नंतर 'मल्टीएसएच४' या साधनाने प्रत्येक प्रतीला तिचा वेगळा फोल्डर दिला. मॉड घालणे-काढणे बोट बंदरात असतानाच करावे, गस्तीच्या मध्ये कधीही करू नये, हा नियमही तेव्हापासून मी कटाक्षाने पाळतो.

त्यानंतर १९४२ च्या सुरुवातीची एकच परिस्थिती दोन्हीकडे खेळून पाहिली : चार व्यापारी जहाजे, दोन विनाशिका आणि माझी गॅटो वर्गाची बोट. नेम धरण्याचे काम मी दोन्हीकडे स्वतःच्या हातात ठेवले होते. जहाज ओळखून त्याच्या डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढायचे, ते आपल्याला कोणत्या कोनात दिसते याचा अंदाज बांधायचा, आणि तीन मिनिटांत ते जितके शंभर यार्ड सरकले तितके नॉट हा त्याचा वेग धरायचा. हे सर्व नकाशावर पेन्सिलीने केल्यासारखे करावे लागते आणि मला खेळातला सर्वांत आनंदाचा भाग तोच वाटतो.

'ट्रिगर मारू'मध्ये पहिला टॉर्पेडो लागल्यावर दोन्ही विनाशिका ज्या चिकाटीने माझ्या मागे लागल्या, ती मी मूळ खेळात कधी अनुभवली नव्हती. एक दूर थांबून कानोसा घेई, दुसरी डोक्यावर येऊन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकी. दोनदा बोट बुडाली, तिसऱ्यांदा कशीबशी सुटली. कळफलकावरच्या कळाही बदललेल्या असल्याने ऐन गडबडीत माझे बोट भलत्याच कळेवर पडत होते, हा भाग वेगळा.

'रिअल फ्लीट बोट'मध्ये विनाशिका इतक्या भयंकर वाटल्या नाहीत, पण जहाज बुडायला वेळ लागू लागला. दोन टॉर्पेडो पोटात घेऊनही एक जहाज कलंडत, पाणी पीत तरंगतच राहिले आणि मी पेरिस्कोप खाली-वर करत बसलो. अर्ध्या तासाने दार उघडून पत्नीने विचारले, "अहो, अजून बुडालं नाही का ते?" मला तिसरा टॉर्पेडो सोडण्याचा मोह होत होता, आणि हाच मोह मला खरा वाटला, कारण बोटीवर २४ च टॉर्पेडो असतात आणि बंदर हजारो मैल दूर असते.

टॉर्पेडोंच्या दोषांनी मात्र माझी निवड सोपी केली नाही, कारण टॉर्पेडो सदोष ठेवण्याचा पर्याय मूळ खेळातच आहे. अमेरिकेचा मार्क १४ हा टॉर्पेडो लावलेल्या खोलीपेक्षा सुमारे ११ फूट खाली धावत असे, हे जून १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑल्बनी येथे जाळ्यावर डागून सिद्ध करावे लागले. चुंबकीय स्फोटक यंत्रणा आणि आघाताने फुटणारी पिन यांचे दोष निस्तरायला १९४३ चे बरेचसे वर्ष गेले.

खरा प्रश्न विनाशिकांचा होता. युद्धाच्या सुरुवातीला जपानी डेप्थ चार्ज कमी खोलीवर फुटतील असे लावलेले असत आणि अमेरिकन बोटी त्यांच्या खाली जाऊन निसटत. त्या हिशेबाने १९४२ मधल्या 'ट्रिगर मारू'च्या विनाशिका मला इतिहासापेक्षा कडक वाटतात. पण मी स्वतःशीच उलट बाजूही मांडून पाहिली. खऱ्या कप्तानाला ही कमतरता कुठे पक्की ठाऊक होती? त्या युद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या गेल्या, आणि प्रत्येक कप्तान आपली बोट त्यातली एक ठरू शकते हे धरूनच खाली जात असणार. मला मात्र बुडाल्यावर चहा घेऊन पुन्हा सुरुवात करता येते. ती सावधगिरी माझ्यात आणायची तर शत्रू वाढीव कडक ठेवणे हाही एक प्रामाणिक उपाय आहे. एकात भीती खरी आहे आणि दुसऱ्यात यंत्रे खरी आहेत, असे मला वाटले आणि आठवडाभर माझे काहीच ठरेना.

अखेर मी 'रिअल फ्लीट बोट' घेतले. भीती माझ्या नियमांनी आणता येईल, पण जहाजात पाणी कसे शिरते ते मला बदलता येणार नाही, हा माझा हिशेब होता. म्हणून नियम केले : पाण्याखाली असताना गस्त जतन करायची नाही, बोट बुडाली तर तो कप्तान कायमचा संपला, आणि नवा कप्तान पुन्हा डिसेंबर १९४१ पासून सुरू करील. ज्यांना असे नियम पाळणे जमत नाही, त्यांनी 'ट्रिगर मारू' घ्यावे, त्याच्या विनाशिका नियम पाळायला लावतात.

सध्या माझा चौथा कप्तान लुझॉनच्या सामुद्रधुनीत आहे. काल रात्री त्याने एका मालवाहू जहाजावर तीन टॉर्पेडो सोडले. दोन खालून निघून गेले, एक लागला, आणि मी वहीत वेळ लिहून वाट पाहत बसलो आहे.