तारेवरून उतरलेली पत्रे : आमची वाटचाल

आमच्या गिरगावातील गाळ्यात शिरताच उजव्या भिंतीवर खिळ्याला एक तार टांगलेली दिसते. जाड लोखंडी तार, खाली पत्र्याची वाटोळी चकती आणि वर आकड्यासारखे वळवलेले टोक. एके काळी मुंबईतील चाळींच्या खोल्यांत आणि कोकणातील घरांच्या ओटीवर अशा तारा सर्रास असत. आलेले पत्र वाचून झाले की ते टोकावरून खाली ओवले जाई. ही विकायची आहे का, असे गिऱ्हाईक अधूनमधून विचारतात. ती विकायची नाही. तिच्यावर तीनशेच्या आसपास पत्रे होती आणि ती आम्हीच उतरवली, ही आमच्या धंद्यातील सर्वांत मोठी चूक होती. आज आमचे जे नियम आहेत, ते बहुतेक त्या चुकीतून आले आहेत.

माझ्या वडिलांचे लालबागला रद्दीचे दुकान होते. वर्तमानपत्रे, वह्या, पुठ्ठा, बाटल्या असा नेहमीचा माल असे, आणि तो तागडीत घालून किलोने घेतला व विकला जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबत गेले, कुटुंबे गावी किंवा उपनगरांत गेली, आणि खोल्या रिकाम्या होताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. त्या ट्रंकांतले कागद आमच्या तागडीत येत. एकदा टपाल तिकिटांचा एक व्यापारी दुकानात आला आणि रद्दीतले एक पाकीट उचलून त्याने त्याचे इतके पैसे दिले की तेवढे आम्हाला दहा किलो वर्तमानपत्रांतही सुटत नसत. वडील हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढच्याच वर्षी मी वेगळा गुमास्ता परवाना काढून जुन्या कागदांचा धंदा सुरू केला.

सुरुवातीला काय विकले जाईल याचा अंदाज नव्हता. ट्रामची तिकिटे हातोहात जात. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची विजेची ट्राम धावली, त्यामुळे ज्यांनी लहानपणी ट्राम पाहिली होती असे हौशी लोक तेव्हा पुष्कळ होते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांची हस्तपत्रके, नाटकांची हँडबिले, गिरणीच्या पगाराची पाकिटे आणि चाळीच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या यांनाही मागणी असे. दारूबंदीच्या काळात ‘प्रकृतीसाठी आवश्यक’ म्हणून दिलेले मद्याचे परवाने पाहून तर तरुण मुले पोट धरून हसत. ‘परमिट रूम’ हा शब्द कोठून आला हे त्यांना तेथेच कळे. लग्नपत्रिका मात्र कोणी घेत नाही. आमच्याकडे त्यांची दोन खोकी पडून आहेत.

आता त्या तारेविषयी. लालबागच्या एका खोलीतून ती पत्रांसकट आली. आम्ही पत्रे उतरवली, चांगल्या शिक्क्यांची पाकिटे तिकीटवाल्यांना दिली, सुबक अक्षरातली पोस्टकार्डे एकेक करून विकली आणि उरलेली, म्हणजे आमच्या मते किरकोळ असलेली आंतरदेशीये, ‘शंभरचा गठ्ठा’ म्हणून एका सजावटकाराला देऊन टाकली. चार महिन्यांनी एक तरुण मुलगी दुकानात आली. खोली तिच्या आजोबांची होती आणि घर रिकामे करताना तिच्या चुलत्यांनी कागद रद्दीत घातले होते. तिने रागाने काही म्हटले असते तर बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, “काका, संपाच्या वर्षीची तेवढी मिळतील का?”

आम्ही ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे फिरून चाळीसएक पत्रे परत मिळवली. पण त्यांतली निम्मी बिनतारखेची निघाली. गावाकडून येणाऱ्या पत्रात बहुधा ‘मंगळवार’ किंवा ‘आषाढ वद्य’ एवढेच लिहिलेले असते. पोस्टाचा शिक्का पुसट असतो. लिहिणारा दुसराच कोणी, बहुधा शाळामास्तर किंवा शेजारचा शिकलेला मुलगा, त्यामुळे अक्षरावरूनही काही ठरत नाही. अशा पत्राचे साल सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे त्याची तारेवरची जागा. सर्वांत जुने पत्र तळाशी चकतीला टेकलेले आणि सर्वांत नवे टोकाशी, हा क्रम कोणी मुद्दाम लावलेला नसतो, पण तो खात्रीचा असतो. वरचे आणि खालचे पत्र तारखेचे असेल तर मधल्या बिनतारखेच्या पत्राचा महिनासुद्धा सांगता येतो. आम्ही तो क्रम एका दुपारी चहा पिता पिता मोडला होता.

त्या दिवसापासून गठ्ठा फोडायचा नाही हा आमचा पहिला नियम झाला. तो पाळणे धंद्याला परवडत नाही, कारण गठ्ठ्यातले एखादेच पाकीट महाग जाते आणि बाकीची नव्वद पत्रे कोणालाच नको असतात. तरीही आम्ही आता संपूर्ण गठ्ठाच विकतो, आणि तोही ज्या क्रमाने आला त्या क्रमाने. दोन-तीन जुने तिकीटवाले आमच्याकडे फिरकेनासे झाले. त्यांच्या जागी संस्थांचे ग्रंथपाल, विद्यापीठांतले संशोधक आणि स्वतःच्याच घराण्याचा शोध घेणारी माणसे येऊ लागली. उत्पन्न निम्म्यावर आले ते पुन्हा जागेवर यायला सहा वर्षे लागली.

याच काळात एक साधी गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. मुंबईतील खोलीत जी पत्रे सापडतात, ती मुंबईविषयी फारसे काही सांगत नाहीत. ती गावाहून आलेली असतात आणि त्यांत भात किती झाले, गाय व्यायली का, कोणाचे लग्न ठरले, हेच असते. मुंबईची हकीकत मुंबईहून गेलेल्या पत्रांत असते आणि ती पत्रे रत्नागिरीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या एखाद्या बंद घराच्या माळ्यावर असतात. म्हणून आम्ही कोकणात जाऊ लागलो. शिमग्याला आणि गणपतीला घरे उघडतात, माणसे भेटतात, आणि माळा झाडायचा विषय निघतो. अशाच एका घरात १९४४ च्या एप्रिलमधली पत्रे मिळाली. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ बोटीचा स्फोट झाला, त्यानंतरच्या आठवड्यात त्या कुटुंबातील तिघा भावांनी वेगवेगळ्या पोस्टांतून तीच बातमी घरी कळवली होती : आम्ही सुखरूप आहोत. एकाचे पत्र पोहोचले नाही तर दुसऱ्याचे पोहोचावे, एवढाच त्यामागचा विचार असावा.

कोकणातल्या माळ्यांवर आणखी एक वस्तू मिळते, तिला बाजारात किंमत जवळजवळ नाही आणि मला ती सर्वांत प्रिय आहे. मनिऑर्डरीच्या फॉर्मला निरोपासाठी एक लहान कुपन जोडलेले असे. पैसे देताना पोस्टमन ते फाडून घरच्यांच्या हाती ठेवी. त्या चार बोटांच्या जागेत मायना, क्षेमकुशल, पैशांची वाटणी आणि ‘क. लो. अ. हे वि.’ (कळावे, लोभ असावा, हे विनंती) हे सारे बसवायचे असे. यांपैकी इतके दुकानदाराला, इतके बाळाच्या फीला, उरलेले तुझ्यापाशी, अशा ओळी असतात. पत्नीला चारचौघांसमोर वाचून दाखवले जाणारे हे लेखन असल्यामुळे त्यात मनातले काही येत नसे. एका मोठ्या गठ्ठ्यात मात्र दर महिन्याच्या कुपनावर कोपऱ्यात पेन्सिलीचे एक लहान फूल काढलेले होते. त्याचा अर्थ वाचणाऱ्या पोस्टमनला लागला नसणार.

साल ठरवण्याच्या खुणा हळूहळू हाताखालून गेल्या. ‘नये पैसे’ छापलेले तिकीट १ एप्रिल १९५७ च्या आधीचे असू शकत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरपासून काही काळ पत्रांवर बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लागे. ते दिसले की साल जवळपास हाती आले. पत्त्यात ‘मुंबई १२’ आहे की ‘४०० ०१२’, यावरून पत्र पिनकोड सुरू झाल्याच्या, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ च्या, अलीकडचे की पलीकडचे याचा अंदाज येतो, अर्थात जुन्या सवयीची माणसे पुढे कित्येक वर्षे ‘मुंबई १२’च लिहीत. शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. आमच्याकडच्या नव्या मुलांची हमखास चूक येथेच होते.

२००५ च्या २६ जुलैने आम्हाला कागद सांभाळणे शिकवले. गिरगावचा गाळा लहान म्हणून स्वस्त पडेल असे गोदाम आम्ही कुर्ल्याला घेतले होते. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. गाळा कोरडा राहिला आणि गोदामात छातीभर पाणी शिरले. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडले तेव्हा जमिनीवरचे पाणी जांभळे दिसत होते. जुन्या काळी पोस्टातल्या कामकाजात आणि पत्रांतही कॉपिंग पेन्सिल वापरत; तिचे अक्षर कोरडे असते तेव्हा साध्या शिसपेन्सिलीसारखे दिसते, आणि पाणी लागले की जांभळे होऊन वाहून जाते. शाईने लिहिलेले बरेच वाचले, पेन्सिलीचे गेले. भिजलेला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो म्हणून ओळखीच्या एका मासळी व्यापाऱ्याच्या शीतगृहात आम्ही प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून गठ्ठे गोठवले आणि मग महिनाभर थोडे थोडे काढून टिपकागदांत वाळवले. त्यातल्या एका गठ्ठ्याला आजही पावसाळ्यात बांगड्याचा वास येतो. तो आम्ही विकत नाही, आणि कोणी मागितलाही नाही.

तेव्हापासून सगळा माल जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर ठेवतो. गंजलेल्या टाचण्या काढतो. डांबरगोळ्या बंद केल्या. कोणी प्रेमाने लॅमिनेट करून आणलेले पत्र पाहिले की वाईट वाटते, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावलेली असेल तर तीही काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. दुरुस्ती आम्ही जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने करतो, म्हणजे उद्या कोणाला ती काढावीशी वाटली तर पाण्याने सुटते.

दुसरा नियम गिरणी कामगारांच्या कागदांचा आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरांच्या सरकारी सोडतीसाठी पात्र धरले जाते, आणि त्यासाठी गिरणीचे ओळखपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा किंवा ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) क्रमांक, पगाराची पावती असे पुरावे लागतात. संग्राहकाच्या लेखी तो एक देखणा बिल्ला किंवा कार्ड असते, घरच्यांसाठी तोच घराचा दावा असतो. असा कागद रद्दीत आला तर आम्ही नाव व तिकीट नंबर, म्हणजे कामगाराचा गिरणीतला क्रमांक, पाहून माणूस शोधतो. आतापर्यंत अकरा कुटुंबांना असे कागद परत दिले आहेत. दोघांना शोधूनही कोणी सापडले नाही. ते कागद तिजोरीत आहेत.

कायद्याविषयी लोक पुष्कळदा विचारतात, म्हणून सांगतो. पत्राचा कागद ज्याच्याकडे आला त्याचा असतो, परंतु त्यातील मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा असतो. त्यामुळे आमच्याकडून गठ्ठा घेतला म्हणून तो छापण्याची मोकळीक मिळत नाही. तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी ऐतिहासिक मोलाची कागदपत्रे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात आणि ती परवानगीवाचून देशाबाहेर पाठवता येत नाहीत. गोदी स्फोटाच्या पत्रांना परदेशातील एका खरेदीदाराने मोठी रक्कम देऊ केली होती आणि पाकीट ‘वैयक्तिक पत्र’ म्हणून पाठवा असे सुचवले होते. आम्ही नकार दिला. ती पत्रे त्या घराच्या संमतीने आता मुंबईतच आहेत.

सध्या टेबलावर वरळीच्या बीडीडी चाळीतून आलेली एक तार आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी आता पाडल्या जात आहेत आणि एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीतून निघालेल्या सामानात कुटुंबाने ही तार टाकून न देता आमच्याकडे आणली. पत्रे अजून तारेवरच आहेत. माझी मुलगी एकेक पत्र न काढता बाजूने उचलून त्याचे छायाचित्र घेते आणि त्याला तळापासून क्रमांक देते. काल सायंकाळपर्यंत ती सत्तेचाळिसाव्या पत्रापर्यंत आली होती. तळाचे पत्र मोडीत आहे. त्याच्या वर एक पोस्टकार्ड आहे, त्याच्या माथ्यावर ‘श्री’ नाही आणि एक कोपरा फाडलेला आहे. असे कार्ड मृत्यूची बातमी घेऊन येई आणि ते वाचून फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही अशी रीत होती. या घराने ते ठेवले, तारेत ओवले, आणि त्यावर पुढची सगळी पत्रे चढवली. मोडी वाचणारे आमचे वयोवृद्ध स्नेही गुरुवारी येतात. तोवर तार तशीच राहील.