गाणे वाजते, गिटार वाजत नाही

मोर्शीला माझे साउंड दुरुस्तीचे दुकान आहे. अमरावतीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स करून हे काम धरले, त्याला आता 26 वर्षे झाली. भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, शाळांचे माइक, लग्नाच्या बँडचे भोंगे आणि अलीकडे डीजेवाल्यांचे जळालेले हॉर्न हे माझे रोजचे काम. गेल्या मे महिन्यात, पारा 44 च्या वर गेलेला असताना, एक विशी ओलांडलेला मुलगा पाठीवर गिटार, एका हातात लहानसा अ‍ॅम्प आणि दुसऱ्या हातात हेडफोन घेऊन भर दुपारी दुकानाची पायरी चढला. तो जवळच्या खेड्यातला होता आणि भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवत होता.

"काका, याच्यात गाणे मस्त वाजते, पण गिटार लावली का काहीच ऐकू येत नाही. म्हणजे अ‍ॅम्पच बिघडला असन न?"

त्याने स्वतःच परीक्षा केली होती आणि वरवर पाहता ती बरोबर होती. हेडफोन मोबाइलला लावला की गाणे वाजत होते. हेडफोनचा प्लग काढला की अ‍ॅम्पच्या स्पीकरमधून गिटारही वाजत होती. फक्त अ‍ॅम्पला हेडफोन लावला की सगळे सामसूम होत होते. स्पीकरवर वाजवायची सोय त्याला नव्हती. घर दोन खोल्यांचे. शेतीला त्या आठवड्यात रात्रीची लाइन असल्यामुळे वडील रात्रभर संत्र्याच्या बागेत ओलित करून सकाळी येत आणि दिवसा झोपत. रात्री दम्याची आजी आणि धाकटी बहीण झोपलेली असे. चोवीस तासांत स्पीकर लावता येईल असा एकही तास त्या घरात नव्हता, म्हणून त्याचा सगळा रियाझ हेडफोनवर चालत असे, आणि तो पंधरा दिवसांपासून बंद पडला होता.

मी हेडफोन एका कानाला लावून गाणे ऐकले. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, कूलरचा आवाज होता. गाणे वाजते एवढे कळले आणि मी अ‍ॅम्प खोलायला घेतला. खरे तर दुसरा चांगला हेडफोन लावून पाहणे ही पहिली पायरी असते. पण हेडफोन वाजतो हे मी माझ्याच कानाने ऐकले होते, त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्याचे कारण मला दिसले नाही. जॅकचे संपर्क स्प्रेने साफ केले, सैल वाटणारे दोन टाके पुन्हा सोल्डर केले, हेडफोनचा बारीक प्लग अ‍ॅम्पच्या मोठ्या जॅकमध्ये बसवणारा पाव इंची कनव्हर्टर बदलून पाहिला. यात अर्धा तास गेला आणि आवाज काही आला नाही. शेवटी मुलाला तार छेडत राहायला सांगून जॅकवर मीटर लावला, तेव्हा टोकाच्या संपर्कावरही व्होल्टेज मिळाले आणि मधल्या कड्याच्या संपर्कावरही तेवढेच मिळाले. अ‍ॅम्प दोन्ही कानांना आवाज देत होता, तरीही दोन्ही कान मुके होते.

मग मी कूलर बंद केला, हेडफोन दोन्ही कानांना नीट बसवला आणि तेच गाणे पुन्हा लावायला सांगितले. ढोलकीच्या मागची घुमार ऐकू आली, कीबोर्ड आला, कोरस दोन्ही बाजूंना पसरलेला आला. मात्र गायकाचा आवाज नव्हता. खोल विहिरीतून यावी तशी त्याची थोडी गुंज येत होती एवढेच. मी मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "पोकळ वाजते थोडं, पण मले वाटलं रेकॉर्डिंगच तसं हाय." त्याच क्षणी बिघाड माझ्या लक्षात आला आणि इतक्या वर्षांत इतका साधा दोष इतका चोख लपलेला मी पाहिला नव्हता.

मीटर ओहमवर, म्हणजे विजेचा रोध मोजायला, घेतला. प्लगचे टोक आणि मधले कडे यांच्यात 64 ओहम दाखवले, म्हणजे एका कानाचे 32 अधिक दुसऱ्याचे 32. टोक आणि मुळाकडची पट्टी यांच्यात काहीच दाखवले नाही. दोन्ही कानांची परतीची तार, जिला आम्ही कॉमन म्हणतो, ती तुटली होती. कॉमन तुटली की डावा आणि उजवा कान एकामागे एक जोडले जातात आणि डाव्या-उजव्या आवाजात जो फरक असेल तेवढाच वाजतो. गाण्यात गायकाचा आवाज मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा ठेवलेला असतो म्हणून तो गळून पडतो आणि बाजूची वाद्ये उरतात. गिटारच्या लहान अ‍ॅम्पमधून मात्र दोन्ही कानांना एकच आवाज जातो, त्यात फरक नावालाही नसतो, म्हणून काहीच ऐकू येत नाही.

मुलाला हे कसे सांगावे याचा मी थोडा विचार केला. बागाईतदाराचा मुलगा होता, म्हणून विचारले, "दोन टाक्यायत पाणी एकाच उंचीवर असन, तर मधल्या पाइपातून पाणी वाहीन काय?"

"नाई वाहणार."

"तुह्या गिटारचं तेच झालं."

तो काही क्षण प्लगकडे पाहत राहिला आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. ज्याला कारण समजल्याचा आनंद होतो असे गिऱ्हाईक क्वचित येते आणि त्याच्यासाठी वेळ द्यावासा वाटतो.

प्लग साच्यात ओतलेला होता. ब्लेडने रबर उभे चिरून काढले तेव्हा आत केसांसारख्या तीन तारा दिसल्या, एक लाल, एक हिरवी आणि एक तांब्याच्याच रंगाची. तांब्याची तार मुळाशी तुटली होती आणि तिच्या टोकावर घामाने आलेला हिरवा कीट होता. या तारांवर लाखेचा पातळ थर असतो, त्यामुळे नुसते सोल्डर टेकवले तर ते धरत नाही; गरम सोल्डरच्या थेंबात तार बुडवून आधी तो थर जाळावा लागतो. ते करून धातूचा नवा प्लग बसवला आणि तारेला मुळाशी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली. अ‍ॅम्पला लावताच गिटार वाजली.

दुरुस्तीचे काम इथे संपले होते, पण मुलाने खिशातून 5,000 रुपये काढून दाखवले. भीमजयंतीच्या कार्यक्रमांतून त्याने ते वाचवले होते आणि त्यातून नवा ब्लूटूथ हेडफोन मागवायचा त्याचा विचार होता, म्हणजे तार तुटण्याची भानगडच नको. तो पैसा वाया जाताना मला पाहवला नसता. टीव्हीसाठी ठेवलेला एक ब्लूटूथ ट्रान्समीटर दुकानात होता. तो त्याच्या अ‍ॅम्पला जोडला, माझ्या पुतण्याचा ब्लूटूथ हेडफोन त्याच्या कानाला दिला आणि वाजवायला सांगितले. दोन ओळी वाजवून तो थांबला. बोट आधी पडत होते आणि सूर नंतर येत होता. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज बांधून पाठवायला आणि सोडवायला 150 ते 250 मिलिसेकंद सहज जातात. गाणे ऐकताना ते कळत नाही, कारण तिथे आपण फक्त ऐकणारे असतो. वाजवणाऱ्याला मात्र 10-12 मिलिसेकंदांपलीकडचा उशीर बोचू लागतो. 200 मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे 70 मीटर जातो. धुऱ्यापलीकडे कोणी लाकूड फोडत असले की कुऱ्हाड पडलेली आधी दिसते आणि ठोका मागून येतो, तेवढ्या अंतरावर अ‍ॅम्प ठेवून वाजवण्यासारखे ते आहे. काही खास वायरलेस संच या वाद्यासाठीच कमी उशिराचे बनवलेले असतात, पण नेहमीचा ब्लूटूथ हेडफोन रियाझाला उपयोगी नाही, हे त्याच्या बोटांनीच त्याला सांगितले.

योगायोगाने त्या दिवशी माझ्याकडे तीन चांगले हेडफोन होते. सोनीचा एमडीआर-7506 माझा स्वतःचा आहे, 63 ओहमचा, बंद पाठीचा, म्हणजे आवाज बाहेर फारसा न सोडणारा. एकेजीचा के240, 55 ओहमचा, अर्ध्या उघड्या पाठीचा. आणि अमरावतीच्या एका स्टुडिओने दुरुस्तीला दिलेला बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो, त्यातला 250 ओहमचा प्रकार. पोराला म्हटले, तिन्ही लावून पाहा आणि घाई करू नको.

डीटी 770 लावला तेव्हा त्याने आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले, तरी गिटार लांबच राहिली. त्याचा अ‍ॅम्प छोटा, हेडफोनसाठी व्होल्टेज जेमतेम, आणि जॅकच्या मागे मोठा रोध लावलेला नव्हता हे मी खोलल्यावर पाहिलेच होते. अशा ठिकाणी त्याच व्होल्टेजवर 250 ओहमच्या हेडफोनला 32 ओहमच्या मानाने आठव्या हिश्शाइतकीच शक्ती मिळते. हेडफोन उत्तमच आहे, पण त्याला तसा अ‍ॅम्प लागतो. हाच हेडफोन 32 आणि 80 ओहममध्येही मिळतो, हे बरेच जण पाहतच नाहीत आणि महागडी वस्तू घेऊन पस्तावतात. के240 त्याला सर्वांत मोकळा वाटला, कारण उघड्या पाठीमुळे आवाज कानाला चिकटत नाही, समोरून आल्यासारखा वाटतो. पण मी चार फुटांवर बसून प्रत्येक सूर ऐकत होतो, आणि दोन खोल्यांच्या घरात आजीनेही तो ऐकला असता. म्हणून मन कितीही ओढले तरी त्याच्यासाठी बंद पाठीचाच हेडफोन योग्य होता.

सोनीवर तो थांबला. मग त्याने डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा सूर मुद्दाम फाटका करणारी सोय, चालू केले आणि कपाळाला आठी घातली. "माशा घोंगावल्यावानी येते, काका. स्पीकरवर असं नाई येत." त्याची तक्रार खरी होती आणि दोष हेडफोनचा नव्हता. गिटारच्या अ‍ॅम्पचा मोठा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, वरचा आवाज स्वतःच गाळून टाकतो. डिस्टॉर्शनमध्ये वरच्या पट्टीचा जो किरकिराट तयार होतो तो त्या कागदी कोनातून बाहेरच पडत नाही. हेडफोन मात्र 20,000 हर्ट्झपर्यंत सगळे ऐकवतो. ज्या अ‍ॅम्पमध्ये किंवा पेडलमध्ये हेडफोनच्या वाटेवर स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारी सोय असते, तिथे हा त्रास जातो. त्याच्या अ‍ॅम्पमध्ये ती नव्हती. टोन अर्ध्यावर आणि गेन तिसऱ्या हिश्शावर आणून दिला तेव्हा पुष्कळ निवळले. त्याच कारणाने मी त्याला जास्त बास आणि चमकदार ट्रेबलची जाहिरात करणाऱ्या हेडफोनपासून दूर राहायला सांगितले. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर बोलते. तिथेच आवाज फुगवला की तळहाताने दाबून वाजवलेले ठोके एकमेकांत चिखलासारखे मिसळतात आणि आपला हात कुठे चुकला ते वादकाला कळत नाही. चूक ऐकवील असाच हेडफोन रियाझाला हवा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो आणि तो कोणत्याही डब्यावर लिहिलेला नसतो. रेक्झिनसारख्या गाद्या घामाने दोन उन्हाळ्यांत पापुद्रे टाकतात. गाद्या बदलता येतात की नाही, हे घेण्याआधी पाहावे. मी माझ्या सोनीवर जुन्या सुती धोतराची खोळ शिवून घेतली आहे. तिने बास किंचित बदलतो, पण तासभर बसवते. तार निघणारी असली तर सर्वांत बरे, कारण आधी तारच तुटते. ऑडिओ टेक्निकाच्या एटीएच-एम40एक्सला, तो 35 ओहमचा आहे, निघणाऱ्या दोन तारा डब्यातच येतात. तो त्याच्या 5,000 मध्ये बसत नव्हता. त्याच कंपनीचा एम20एक्स स्वस्त आहे, पण त्याची तार कायमची जोडलेली आहे. मी दोन्ही नावे बिलाच्या मागे लिहून दिली आणि त्याखाली एवढेच लिहिले की बंद पाठीचा, तारेचा, 32 ते 80 ओहमचा घ्यावा.

एक गोष्ट मात्र मी त्याला समोर बसवून सांगितली. माझ्या उजव्या कानात बारीक शिट्टी कायम वाजत असते. डीजेचे हॉर्न तपासताना वर्षानुवर्षे कान उघडे ठेवल्याचा तो परिणाम आहे आणि तो जात नाही. 85 डेसिबल आवाजात आठ तास चालतात असे धरले, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 94 डेसिबलला तासभरच उरतो. हेडफोनमध्ये हा आवाज कधी ओलांडला ते कळतही नाही, कारण डिस्टॉर्शन लहान-मोठा आवाज एकाच पातळीवर आणून टाकते. म्हणून बटण कुठे ठेवायचे याची खूण मी त्याच्या अ‍ॅम्पवर पांढऱ्या पेन्सिलीने करून दिली.

त्याने थोडा वेळ विचार केला आणि पैसे परत खिशात ठेवले. आंबिया बहाराचा माल गेल्यावर बाबांना विचारून तारेवाला घेईन, तोवर हाच चालवतो, म्हणाला. प्लग आणि मजुरीचे मी 120 रुपये घेतले.

निघण्याआधी त्याने दुरुस्त झालेला हेडफोन स्वतः लावला आणि वाजवत बसला. डोळे मिटलेले, मान हलकेच डोलत असलेली. तो काय वाजवत होता ते मला ऐकू येत नव्हते. पत्र्याखालच्या त्या उकाड्यात मला फक्त तारांची कोरडी टकटक आणि बोट सरकल्याची बारीक कुरकुर ऐकू येत होती. मग त्याने डोळे उघडले, हेडफोन काढून माझ्या कानांना लावला आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. रात्री दहाला लाइन येणार होती, वडिलांना मोटरवर सोडून यायचे होते, म्हणून सहाच्या एसटीने तो गेला.