अंडी मऊ पडायला लागली तेव्हा

एप्रिलातल्या एका सकाळी खुराड्यात हात घातला, तर बोटांना पाणी भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी लागलं. अंडंच होतं, पण वर टरफल नाही, नुसता पापुद्रा. आठवड्याभरात अशी चार निघाली. टोपलीत ठेवताना फुटली ती वेगळीच. फुटक्या अंड्याची चव एकदा लागली की कोंबड्यांची ती खोड जाता जात नाही, म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

माझ्याकडे बारा गिरिराज कोंबड्या. खाणं म्हणजे भाताची कणी आणि परसात उकरून मिळेल ते. आधी कॅल्शियमचं औषध आणून पाण्यात घातलं, मग चुनखडीची भुकटी कणीत कालवली. कणी संपायची, भुकटी भांड्याच्या तळाशी तशीच राहायची.

शेवटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आधी खाण्याचीच चौकशी केली. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि कणीत ते नसल्यातच जमा. कमी पडलं की कोंबडी आपल्या हाडांतलं काढून देते, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. टरफल चढायला वीसेक तास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री होतं. भुकटी तोवर पोटातून पुढे सरकलेली असते. जाड तुकडे मात्र आत राहून रात्रभर हळूहळू विरघळतात. त्यात उन्हाळा. धापा टाकणाऱ्या कोंबडीचं टरफल आणखीच पातळ होतं.

आम्ही कोकणातली माणसं, शिंपल्यांना काय तोटा! तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन कडक वाळवल्या, गोणपाटात घालून हातोडीने ठेचल्या, गव्हाच्या चाळणीने चाळल्या. खाली पडलेली भुकटी माडाच्या आळ्यात टाकली, लांब धारदार कपच्या वेचून काढल्या. उरलेला चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला. कणीत मुद्दाम मिसळला नाही, कारण जिला हवा तिनेच खावा. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, तर मी अंडी सुरू होईपर्यंत वेगळ्याच ठेवते. त्या वयात जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. सोबत कणी कमी करून लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, सुरू केलं.

सकाळी वाडग्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. उन्हं कलली की मात्र टक् टक् आवाज सुरू. दोनेक आठवड्यांत टरफलं टणक झाली.

एका म्हाताऱ्या तांबडीची अंडी अजून पातळच येतात. ते वयामुळे, डॉक्टर म्हणाले. तिची अंडी मी विकत नाही, त्याच दिवशी घरात पोळा करते.