आज्जींच्या इरकलीचा केक

शहापुरात घरच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी जावांनी केक करायला घेतले, तेव्हा भांडवल म्हणजे एक छोटा ओटीजी ओव्हन आणि हँड मिक्सर. पहिली 2 वर्षं ब्लॅक फॉरेस्ट, पाइनॅपल यांतच गेली.

वळण मिळालं ते खानापूरच्या एका ताईंमुळे. ऐन पावसाळ्यात त्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं इरकल घेऊन आल्या. आज्जींच्या लग्नातलं. पंच्याहत्तरीला तसाच केक हवा होता.

लाल रेशमी पदरावर कसुतीच्या भरतकामातले रथ आणि तुळशीवृंदावन. जाऊबाईंनी पदर उलटला आणि आम्ही दोघीही गप्प झालो. मागच्या बाजूलाही तीच नक्षी, गाठ कुठंच नाही. कसुतीतल्या गवंती नावाच्या टाक्यात सुई जाताना एक घर सोडून जाते आणि त्याच वाटेनं परत येताना सुटलेली घरं भरते. इतक्या निगुतीचं काम साखरेवर घाईनं उतरवायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

त्यांच्या घरात अंडं चालत नव्हतं. नक्षी काढायच्या रॉयल आयसिंगला एरवी अंड्याचा पांढरा भाग लागतो, म्हणून त्याऐवजी काबुली चणे शिजवलेलं पाणी आटवून घेतलं आणि आयसिंग शुगर घालून घट्ट फेटलं. ते छान जमलं. फसलं ते वेगळंच. आत व्हिप्ड क्रीम होतं, त्यामुळं केक फ्रिजमध्ये ठेवावा लागला. बाहेर काढताच दमट हवेत फाँडंटला, म्हणजे केकवरच्या साखरेच्या आवरणाला, पाणी सुटलं आणि पदराचा लाल रंग पांढऱ्या रथावर ओघळला. रात्रीचे 11 वाजले होते. मला रडूच आलं.

जाऊबाईंनी पुन्हा ओव्हन लावला. या वेळी क्रीमऐवजी गनाश, 2 भाग डार्क चॉकलेटला 1 भाग क्रीम, म्हणजे फ्रिजची गरजच नाही. फाँडंटवर सुईनं चौकटी टोचल्या आणि 1 नंबरच्या नोझलनं घरं मोजत एकेक टाका घातला. पहाटे शेवटचं वृंदावन पुरं झालं.

आज्जींनी काठाकडून केक कापला, पदराला सुरी लावू दिली नाही. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "माझ्या आईनं घातलेले टाके आहेत गं हे."

तेव्हापासून घरातल्या जुन्या वस्तूंवरचे केक हेच आमचं मुख्य काम झालं. फोटोवरून ऑर्डर घेत नाही, वस्तू हातात लागते. आत्ता टेबलावर निपाणीहून आलेली कुंची आहे, गुळेदगुड्डच्या खणाची. बारसं रविवारी आहे.