प्रवासात फोनची बॅटरी सांभाळताना : माझा अनुभव

माझ्या कामात प्रवास बराच असतो. तिकीट, नकाशा, पैशांचे व्यवहार आणि निरोप हे सारेच फोनवर आल्यामुळे दुपारनंतर बॅटरी उतरू लागली की उरलेल्या दिवसाचे नियोजन डळमळू लागे. फोन बाकी उत्तम चालत होता, म्हणून तो बदलण्याऐवजी ही बॅटरी नेमकी कुठे खर्च होते आणि कशामुळे झिजते, हे आधी समजून घ्यायचे मी ठरवले.

सुरुवात सेटिंगमधल्या बॅटरी वापराच्या पानापासून केली. कोणते अॅप किती ऊर्जा घेते आणि ती समोर उघडे असताना घेते की मागे चालू असताना, हे तिथे कळते. एरवी सर्वाधिक खर्च स्क्रीनचा दिसे; प्रवासाच्या दिवशी मात्र मोबाइल नेटवर्कचा वाटा एकदम वाढलेला असे. टॉवर दूर असला किंवा मध्ये डोंगर, बोगदा आला की संपर्क टिकवण्यासाठी फोन अधिक शक्तीने लहरी पाठवतो, आणि सिग्नल पूर्ण गेला तरी तो शोधण्याचे काम चालूच राहते. हे लक्षात आल्यापासून लागणारे नकाशे आणि तिकिटे मी निघण्यापूर्वी वायफायवर उतरवून ठेवते आणि सिग्नल नसलेल्या टप्प्यात फ्लाइट मोड लावते. बहुतेक फोनमध्ये त्या स्थितीतही जीपीएस चालते, त्यामुळे आधी उतरवलेला नकाशा दिशा दाखवत राहतो. माझ्या मते प्रवासात सर्वांत जास्त फरक याच एका सवयीने पडतो.

स्क्रीनचे काम त्या मानाने सोपे होते. ब्राइटनेस कमी केला आणि रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा, १२० वरून ६० हर्ट्‌झवर आणला. डार्क मोडचा खरा फायदा ओएलईडी स्क्रीनवरच मिळतो, कारण तिथे प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा ठिपका, स्वतःच उजळतो आणि काळा पिक्सेल बंदच असतो. एलसीडी स्क्रीनमध्ये पिक्सेलमागचा दिवा तसाच जळत राहतो. उघडलेली अॅप्स सतत सरकवून बंद करण्याचा सल्ला मात्र मी मानत नाही. तेच अॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला प्रोसेसरला अधिक काम पडते.

खरा अभ्यास चार्जिंगचा होता. बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. आजच्या फोनमधली लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि तिला तो मुळीच लागू पडत नाही. ती वयाने झिजते, वापराने झिजते, पण उष्णतेने आणि दीर्घकाळ शंभर टक्क्यांच्या आसपास राहिल्याने अधिक वेगाने झिजते. चार्जिंगचे एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्क्यांचा वापर. आज पन्नास आणि उद्या पन्नास टक्के वापरले तर दोन्ही मिळून एकच चक्र होते. म्हणून मिळेल तिथे थोडे थोडे चार्ज करण्यात काहीच गैर नाही. उलट प्रवासात तेच सोयीचे पडते, कारण बॅटरी रिकामी असताना चार्जर तिला भरपूर प्रवाह देतो आणि ती भरत आली की प्रवाह हळूहळू कमी करत नेतो. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी थांबण्यात जो वेळ जातो, तेवढ्याच वेळात उतरलेली बॅटरी कितीतरी जास्त भरते.

रोजच्या वापरात मी ऐंशी टक्क्यांची मर्यादा लावून ठेवते आणि मोठ्या प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढते. उष्णतेबाबत मी फार काटेकोर आहे. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवलेला फोन, त्यावर चालू असलेला नकाशा आणि जोडीला वायरलेस चार्जिंग, ही तिन्ही एकत्र आली की फोन तापतो आणि स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करतो. अशा वेळी मी कव्हर काढते, फोन सावलीत ठेवते आणि केबल वापरते, कारण वायरलेस चार्जिंगमध्ये ऊर्जेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो.

पॉवर बँक निवडताना आकडेमोड करणे अत्यावश्यक आहे. १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीच्या क्षमतेचे माप) हा आकडा आतल्या सेलचा, म्हणजे साधारण ३.७ व्होल्टचा असतो. वॅट-तासांत, म्हणजे साठलेल्या ऊर्जेच्या मापात, तो ३७ होतो (१० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट). फोनची ५,००० एमएएच बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची असते, तेव्हा दोन वेळा फोन पूर्ण भरेल असे वाटते. पण व्होल्टेज वाढवताना आणि फोनमध्ये पुन्हा उतरवताना काही ऊर्जा जाते, त्यामुळे प्रत्यक्षात जेमतेम दीड वेळा भरण्याचीच अपेक्षा ठेवावी. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॅट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची बँक ७४ वॅट-तासांची असल्याने ती त्या मर्यादेत बसते. तरीही विमान कंपनीचे नियम मी निघण्यापूर्वी पाहून घेते.

केबल आणि अडॅप्टरकडेही तितकेच लक्ष द्यावे लागले. साधा यूएसबी २.० पोर्ट मूळ नियमानुसार ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट देतो. नकाशा चालू असेल तर तेवढ्यात टक्केवारी वाढण्याऐवजी घटूही शकते. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या वेगवान चार्जिंगच्या पद्धतीत अडॅप्टर आणि फोन किती व्होल्ट द्यायचे हे आपसात ठरवतात, त्यामुळे दोघांनाही एकच पद्धत कळत असेल तरच वेगवान चार्जिंग मिळते. सार्वजनिक ठिकाणी मी वीज आणि माहिती दोन्ही नेऊ शकणाऱ्या यूएसबी पोर्टऐवजी स्वतःचा अडॅप्टर प्लगमध्ये लावते. वेगही मिळतो आणि माहिती चोरली जाण्याची शंकाही उरत नाही.

एवढे सगळे करूनही बॅटरीचे वय थांबत नाही. कालांतराने फोनने दाखवलेली कमाल क्षमता ऐंशी टक्क्यांखाली गेली, तेव्हा मी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेतली. नव्या बॅटरीवर आता तोच क्रम चालू आहे आणि संध्याकाळी घरी परतेपर्यंत पॉवर बँक काढावी लागत नाही, असे दिवस वाढले आहेत.